तीन फांद्या, थोडा कोळसा

ऑर्किड म्हटले की ‘हे आपल्याला परवडणारे नाही’ असे बहुतेक घरांत ऐकू येते. शिवाय जागा नाही, वेळ नाही. आमचा अनुभव असा, की ऑर्किड आणि इकेबाना म्हणजे जपानी पुष्परचना, हे दोन्ही छंद थोडक्यात भागवणारे आहेत.

उष्ण प्रदेशातली बहुतेक ऑर्किडे झाडांच्या फांद्यांवर वाढतात. ती बांडगुळे नव्हेत. झाडाचा फक्त आधार घेतात. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते पावसाचे पाणी चटकन शोषते आणि मग त्याला वारा लागतो. म्हणून कुंडीत माती भरली की मुळे गुदमरतात. भरपूर भोकांची कुंडी घ्यावी. तिच्यात लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि विटांचे खडे घालावेत. सुरुवातीला डेंड्रोबियम बरे. आपल्या उष्ण हवेत ते सहज रुळते. सकाळचे ऊन येणारी खिडकी पुरते.

पाणी कधी द्यायचे, हे मुळेच सांगतात. मुळे रुपेरी दिसली की द्यावे, हिरवी असली की हात आवरावा. घरातली ऑर्किडे तहानेपेक्षा अति लाडाने जास्त मरतात. पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. आपल्या सह्याद्रीतही ‘सीतेची वेणी’सारखी सुंदर ऑर्किडे आहेत. रानातून ओरबाडून आणलेली रोपे कोणी विकत असेल तर घेऊ नका. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसतो, त्यामुळे रानात योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. फूल यायला पुढे कित्येक वर्षे लागतात. नर्सरीत तयार केलेलेच रोप आणावे.

आता इकेबाना. बौद्ध मंदिरांत फुले वाहण्याच्या प्रथेतून ही कला आली. क्योटोतील इकेनोबो हे तिचे सर्वांत जुने घराणे. १४६२ च्या एका नोंदीत त्याच्या पुष्परचनेचा उल्लेख आहे. १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी सोगेत्सू घराणे काढले. कोणीही, कुठेही, कोणत्याही साहित्यातून रचना करावी, असे त्यांचे म्हणणे. आज ही कला सर्व धर्मांची माणसे शिकतात.

सोगेत्सूची पहिली रचना तीन फांद्यांची असते. पसरट भांड्याची रुंदी आणि खोली यांच्या बेरजेच्या दीडपट पहिली फांदी घ्यावी. दुसरी पहिलीच्या पाऊणपट, तिसरी दुसरीच्या पाऊणपट. भांडे २० सेंटिमीटर रुंद आणि ५ खोल असेल, तर फांद्या साधारण ३८, २८ आणि २१ सेंटिमीटरच्या होतात. पहिली जवळजवळ उभी, दुसरी तिरपी, तिसरी बरीच कललेली. त्या खिळ्यांच्या जड चकतीवर रोवाव्यात. तिला केन्झान म्हणतात. देठ पाण्यात बुडवून कापावेत, म्हणजे फुले जास्त टिकतात. मग बुडाशी डेंड्रोबियमचा एकच तुरा. बाकीची जागा मोकळी ठेवायची. ती भरायचा मोह टाळणे हाच खरा अभ्यास.

ईदच्या दिवशी दिवाणखान्यात अशी एक रचना पुरते. फांद्या मेंदीच्या कुंपणाच्या किंवा डाळिंबाच्या चालतात. मुलांना मोजमाप करू द्यावे, दादीजानला रंग निवडू द्यावेत.

आणि घरातल्या पुरुषांसाठी एक शब्द. दिवसभर सर्वांची वेळ सांभाळणाऱ्या बाईला असरनंतरचा अर्धा तास तिच्या फुलांसाठी मिळू द्या. तेवढ्या वेळात चहा आपला आपण करून घ्यावा. रोप विकत आणता येते, हा अर्धा तास मात्र घरच्यांनीच द्यावा लागतो.