डोंगरमाथ्यावरील मनोरंजन आणि सुरक्षेचा प्रश्न

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डोंगरमाथ्यावर वसलेले ग्लेनवूड कॅव्हर्न्स साहस उद्यान दरीचे विहंगम दृश्य, गुहा आणि पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे सप्टेंबर २०२१ मध्ये ११० फूट खाली कोसळणाऱ्या पाळण्याच्या आसनावरून पडून सहा वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला. ती सुरक्षा पट्टे न बांधता त्यांवरच बसली होती. यंत्रणेने त्रुटीचा इशारा दिला. मात्र पट्टे तपासण्याऐवजी चालकांनी इशाराच रद्द केला, असे राज्याच्या चौकशीत आढळले. अपुऱ्या प्रशिक्षणावरही अहवालाने बोट ठेवले. भारतातील डोंगरमाथ्यांवरही असे साहसी खेळ वाढत आहेत. केवळ आधुनिक यंत्रे आणून भागणार नाही. त्यांचा इशारा ओळखणारे प्रशिक्षित मनुष्यबळही तितकेच अनिवार्य आहे.