काशीचे सूर आता घरोघरी. कलावंतांच्या हक्कांचे काय?

वाराणसीतील भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. मराठी मनाच्या काशीशी असलेल्या नात्याची ती दगडी खूण. संगीतातील नाते त्यानंतरचे असले तरी तेवढेच दृढ आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांपैकी एक १९१९ मध्ये याच नगरीत झाली. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिष्य पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी १९५० च्या सुमारास बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा स्वीकारली आणि गुरुगृही चालणारी विद्या विद्यापीठाच्या वर्गात स्थिरावली.

या नगरीचे सूर ऐकण्यासाठी पूर्वी काशीची यात्राच करावी लागत असे. आज मोबाइल संचाच्या पडद्यावर ते नागपुरात, बेळगावात किंवा इंदुरात बसून ऐकता येतात. ही सोय स्वागतार्ह आहेच. मात्र तिच्यातून काही गंभीर प्रश्नही उभे राहिले आहेत.

थेट प्रसारणाची परंपरा नवी नाही. ब्रिटनमधील केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज कॉलेजमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला होणारी गीतसभा १९१८ मध्ये सुरू झाली. बीबीसीने ती १९२८ मध्ये प्रथम प्रसारित केली आणि १९३० चा अपवाद वगळता ती दर वर्षी प्रसारित होत आली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही हा प्रघात सुटला नाही. आता पाश्चात्त्य देशांतील अनेक विद्यापीठांची संगीत विद्यालये आपल्या नाताळच्या मैफली इंटरनेटवरून थेट दाखवतात. योगायोग असा की, २५ डिसेंबर हा बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक पं. मदनमोहन मालवीय यांचा जन्मदिन असून तेथेही तो दर वर्षी समारंभपूर्वक साजरा होतो.

भारतात या बदलाला खरी गती मिळाली ती २०२० च्या टाळेबंदीमुळे. वाराणसीच्या संकटमोचन मंदिरातील संगीत समारोह १९२३ पासून चालत आला आहे. तेथे प्रवेश विनामूल्य असतो आणि कलावंत मानधन न घेता हनुमंताच्या चरणी हजेरी लावतात. २०२० च्या एप्रिलमध्ये मंदिराचे प्रांगण श्रोत्यांना बंद झाले, तेव्हा हा समारोह इंटरनेटवरून झाला. त्याच महिन्यात पं. जसराज यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी येथून हनुमान जयंतीनिमित्त संकटमोचनच्या चरणी आपली गानसेवा रुजू केली. त्या वर्षी १७ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. त्यामुळे ही सेवा रसिकांच्या स्मरणात कायमची कोरली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव मात्र होऊ शकला नाही.

या दोन उदाहरणांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. विनामूल्य सेवा इंटरनेटवर नेणे तुलनेने सोपे असते. तिकीटविक्री व प्रायोजकांवर उभा असलेला महोत्सव घरबसल्या फुकट दाखवला, तर मंडप, ध्वनियंत्रणा आणि साथीदारांचे मानधन यांचा खर्च भागवायचा कोठून, हा प्रश्न आयोजकांपुढे उभा राहतो.

तंत्राच्याही मर्यादा आहेत. गायक एका गावी आणि तबलावादक दुसऱ्या गावी असेल, तर आवाज पोहोचण्यास लागणारा विलंब लयीला घातक ठरतो. हा विलंब सेकंदाच्या सुमारे तीन शतांश भागापलीकडे गेला की एकत्र वाजवणे कठीण होते आणि इंटरनेटवरील नेहमीच्या संभाषणात तो यापेक्षा कितीतरी अधिक असतो. त्यामुळे टाळेबंदीत अनेक कलावंतांना यांत्रिक तानपुरा आणि तबल्यावर भागवावे लागले. समेवर येणारी श्रोत्यांची दाद तर कोणत्याच यंत्रातून मंचापर्यंत पोहोचत नाही.

सर्वाधिक महत्त्वाचा मुद्दा हक्कांचा आहे. स्वामित्वहक्क कायदा १९५७ आणि त्यातील २०१२ ची दुरुस्ती यांनुसार आपल्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण व प्रसारण यांवर कलावंताचा हक्क असतो. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. असे असताना अनेक लहान मैफलींत प्रसारणाची परवानगी तोंडीच घेतली जाते. एका रात्रीसाठी दिलेली संमती प्रत्यक्षात कायमची ठरते, कारण चित्रफीत इंटरनेटवर राहते आणि तिच्यासोबत दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींचे उत्पन्न वेगळ्याच कोणाकडे जाते. ख्यातनाम गायक आपल्या अटी मांडू शकतो. सारंगी वा संवादिनीच्या साथीदाराला ते सहसा शक्य होत नाही.

या संदर्भात आकाशवाणीचा अनुभव मार्गदर्शक ठरावा. १९५२ मध्ये सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनची रेडिओ संगीत संमेलने यांनी शास्त्रीय संगीत सामान्य घरांत नेले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे त्या काळी माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांबाबतच्या त्यांच्या धोरणावर टीका झाली. तथापि कलावंतांशी करार, श्रेणीनुसार मानधन आणि ध्वनिमुद्रणांचे जतन या शिस्तीमुळेच त्या पिढीचे गाणे आज आपल्या हाती आहे. खासगी संकेतस्थळांवर अशा जतनाची हमी नसते. खाते बंद झाले की ठेवाही नाहीसा होऊ शकतो.

म्हणूनच विद्यापीठे व महोत्सव समित्यांनी तीन गोष्टी तातडीने करणे आवश्यक आहे. प्रत्येक कलावंताशी, साथीदारांसह, लेखी करार व्हावा. चित्रफीत किती काळ खुली राहील, याची मुदत त्यात असावी. आणि प्रत्येक मैफलीची एक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वेव्हज’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू केले आहे. अशा सार्वजनिक व्यासपीठांचा या कामी उपयोग करून घेता येईल.

घरी बसून ऐकणारा श्रोता वाढणे ही संगीतासाठी भाग्याची गोष्ट आहे. परंतु त्याला मिळणाऱ्या आनंदाची किंमत मंचावरील सर्वांत दुर्बल कलावंताला मोजावी लागू नये. तसे झाले नाही, तर ऐकणारे लाखोंनी वाढतील आणि साथीला बसणारे मात्र कमी होत जातील.