फुकट नको, मुक्त हवे!

ऐन दिवाळीत भांडण कशाला, असे कुणी विचारील. पण चिवड्यात मिरची लागतेच. तेव्हा वाचकांनी मला एवढी मोकळीक द्यावी. माझे भांडण ई-मेलबद्दल आहे. पोस्टाच्या टपालाप्रमाणे ई-मेलचीही सार्वजनिक सेवा असावी, ती मुक्त सॉफ्टवेअरवर उभी असावी आणि तिचा खर्च आपण सर्वांनी मिळून उचलावा, असे माझे म्हणणे आहे.

१८७९ साली या देशात पोस्टकार्ड निघाले तेव्हा त्याची किंमत एक पैसा होती. आजही ते पन्नास पैशांत मिळते. तेवढ्यात कार्ड छापून, शिक्का मारून गावोगाव पोचवणे परवडत नाही, हे सरकारला पक्के ठाऊक आहे. तरी ते तोटा सोसते, कारण गरिबाच्या पत्रावर धंदा करायचा नाही, असा एक शहाणपणा आपल्याकडे होता. तेच पत्र कागदावरून पडद्यावर आले तेव्हा तो शहाणपणा कुठे गेला?

१९९६ साली हॉटमेल निघाले, २००४ साली गूगलचे जीमेल आले, आणि 'फुकट' म्हणताच आपण रांगा लावल्या. फुकट कसले! गूगलचे यंत्र पत्रांतला मजकूर चाळून त्याला साजेशा जाहिराती दाखवीत असे. जाहिरातींसाठी ही चाळणी थांबवणार असल्याचे कंपनीने २०१७ साली जाहीर केले. अहो, तुमच्या पोस्टमनने पाकीट उघडून वाचले आणि आत मुलीच्या लग्नाचा विषय दिसला म्हणून सोनाराची जाहिरात सारली, तर तुम्ही त्याला पुन्हा उंबऱ्याशी उभे कराल काय?

इंग्रजी माणसाची एक अडचण आहे. मुक्त म्हणजेही त्याला 'फ्री' आणि फुकट म्हणजेही 'फ्री'. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचे काम आरंभले, आणि हा घोळ निस्तरण्यातच त्या मंडळींची निम्मी शक्ती गेली. आपल्या भाषेत दोन्ही शब्द वेगळे आहेत, तरी आपण फुकट ते घेतले आणि मुक्त ते सोडले! मुक्त सॉफ्टवेअरची घडण कुणालाही उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते, शेजाऱ्याला देता येते. टपाल वाहून नेणारे पोस्टफिक्स, ते पेटीत लावून ठेवणारे डव्हकॉट, वाचायला थंडरबर्ड, असे सारे सामान तयार आहे. नाही तो पैसा, ते रात्रंदिवस सांभाळणाऱ्या माणसांसाठी. जर्मनीतला व्हेर्नर कॉख १९९७ पासून पत्रांना कुलूप घालणारे जीएनयूपीजी घडवतो आहे. जगभरचे पत्रकार त्यावर विसंबत, आणि हा गृहस्थ पैशाअभावी काम सोडण्याच्या बेतात आला होता. २०१५ साली त्याची बातमी गाजली तेव्हा कुठे देणग्या आल्या!

परक्याच्या ओसरीवर बिऱ्हाड थाटले की काय होते, तेही पाहून घ्या. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने गुजरातेत वाडिनारला तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीची ई-मेल तोडली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत ती परत मिळाली. तेलकंपनीला वकील मिळतो. माझ्या वर्गातल्या मुलीला कोण मिळणार? रिचार्जअभावी तिच्या वडिलांचे सिमकार्ड बंद पडले, नंबर गेला, त्या नंबरावर येणारा ओटीपी गेला आणि तिची पेटी कायमची मिटली. शिष्यवृत्तीचे पत्र आतच राहिले. दाद मागायला खिडकी नाही, चिडायला माणूससुद्धा नाही. पोस्टातला बाबू खेकसतो, पण तो असतो!

हे स्वप्नरंजन नव्हे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने चाळीस हजारांवर सरकारी ई-मेल पेट्या मायक्रोसॉफ्टकडून काढून मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. २०२५ च्या ऑक्टोबरात ते काम पुरे झाले. आमच्या केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले आणि पुढे सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे टपाल झोहो या खाजगी कंपनीच्या हवाली केले. कंपनी स्वदेशी आहे, हे खरे. पण कुलूप स्वदेशी असले तरी किल्ली कुणाच्या कनवटीला, हा प्रश्न उरतोच.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पैसा सरकारचा, म्हणजे पत्रे सरकारच वाचील! २०२३ च्या टपाल कायद्यातही टपाल अडवण्याचा अधिकार सरकारने राखला आहे. म्हणूनच ही पेटी कोणत्याही खात्याच्या ताब्यात असू नये. आपल्या वाचनालयांकडे पाहा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे संस्था लोकांची, वर्गणी सभासदांची आणि अनुदान राज्याचे. मी कोणती कादंबरी घरी नेली, हे विचारायला अजून कुणी मंत्री आलेला नाही. (ग्रंथपालांचा पगार लाजिरवाणा असतो, तेवढी प्रथा उचलू नये.) अशीच टपालसंस्था काढावी. हिशेब दरवर्षी छापावा, सॉफ्टवेअर उघडे असावे, आणि प्रत्येक तालुक्याला एक खिडकी असावी, जिथे ती मुलगी शाळेचा दाखला घेऊन जाईल आणि आपली पेटी उघडून घेईल.

आपण गणपतीला वर्गणी देतो, मोबाइलला दरमहा दोन-अडीचशे मोजतो. वर्षाला पन्नास रुपये आपल्याला जड नाहीत. ज्यांना जड आहेत त्यांच्यासाठीच अनुदान. माझे पन्नास तयार आहेत. पावती कोण फाडणार, ते सांगा.