हौदातले दिवस

प्रेसमधून निघालेली सिमेंटची फरशी कच्चीच असते. बरेच दिवस हौदात भिजली की मगच ती घरभर वावरणारी पावले सोसते. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ सुरू केली. त्यांची फरशी पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

वाशीम अजून अकोला जिल्ह्यात होते, म्हणजे १९९८ च्या आधीची गोष्ट. तिथल्या एका कुटुंबाला मी बँकेतर्फे फरशीच्या कारखान्यासाठी कर्ज दिले. थोरला भाऊ साचे भरी, वहिनी रंग कालवी, धाकटा गिऱ्हाईक पाही. शेड, प्रेस, सिमेंट यांचा हिशेब मी पैपैचा केला. हौदातल्या दिवसांचा मात्र केला नाही. पहिल्याच महिन्यापासून हप्ता लावला. उन्हाळ्यात विहीर आटली, हप्ता थांबेना. अर्धवट भिजलेला माल त्यांनी विकला. लोकांच्या घरांत फरशी तडकली आणि कारखान्याचे नाव गेले.

पुढे मोरबीच्या चकचकीत टाइल्स आल्या. त्यांनीच हा धंदा बुडवला, असे लोक म्हणतात. माझ्यापुरते तरी ते खरे नाही. घरच्या धंद्याला भांडवलाइतकीच सवडही लागते. कर्ज देणाऱ्याने हप्त्याची तारीख ठरवण्यापूर्वी एकदा त्या हौदात डोकावून पाहावे. मी पाहिले नव्हते.