दोष रश्श्याचाच?

परवा सकाळी रंकाळ्यावर फिरताना एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "लोक तांबडा रस्सा ओरपणार, तंबाखू खाणार, आणि दवाखान्याचं बिल सरकारनं का भरायचं?"

रस्सा मी कमी केलाय, तंबाखू वाईटच. पण २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारो आजारी पडले, काहींचे जीव गेले. त्यांनी कसली चैन केली होती हो? नळाचं दूषित पाणी प्यायले, एवढंच!

महात्मा फुले योजनेत आता ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, छानच. पण ते आजारी पडल्यावर. पंचगंगेत सांडपाणी जातं, त्याला पथ्य कोण सांगणार?

आधी नळ बघा, मग आमचं ताट. तुम्हाला काय वाटतं?