जबड्याचे दुखणे हा मनाचा खेळ नव्हे

भाकरी चावताना कानापुढे कट्‌कन आवाज होतो, जांभई देताना जबडा अडकतो. घरातली बाई हे सांगते तेव्हा ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून तिला गप्प केले जाते. हे थांबले पाहिजे.

जबड्याच्या सांध्यातील कूर्चेच्या पेशींवर हार्मोन्सचा परिणाम होतो. वाढीच्या हार्मोनमुळे त्या वाढतात. प्रौढ वयात ते अति झाले तर खालचा जबडा पुढे येऊ लागतो. उलट, उंदरांवरील प्रयोगांत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे या पेशींची वाढ मंदावलेली दिसली. हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत, विशेषतः २० ते ४० या वयात, जास्त आढळते. त्यात हार्मोन्सचाही वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात.

म्हणून भगिनींनो, दुखणे अंगावर काढू नका. मऊ जेवण घ्या, शेक द्या, सुपारी सोडा. हार्मोनच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. आराम पडला नाही तर दंतवैद्याकडे जा. मुंबई, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो का, हेही न लाजता सांगा. आणि घरच्यांनी आधी तिचे ऐकून घ्यावे.