सातबारा नसलेल्याचा जामीन

"जामीन झाला" असा वकिलाचा फोन येतो, वस्तीत पेढे वाटले जातात, आणि पोरगं तुरुंगातच राहतं. हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता पेढ्यांचाच राग येतो.

आदेश असतो : 25 हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आई कानातलं मोडायला निघते. तिला कुणी सांगतच नाही की ही रक्कम भरायची नसते. जातमुचलका म्हणजे लेखी हमी. आरोपी तारखेला हजर राहिला नाही, तर कोर्ट नोटीस काढून ती रक्कम वसूल करू शकतं. जामीनदारही पैसे देत नाही, जबाबदारी घेतो. कोर्टाने रोख जामीन मंजूर केला तरच पैसे भरायचे, आणि तेही खटला संपल्यावर अर्ज करून परत मागता येतात. पावती जपा. आवारात 'जामीनदार मिळवून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांना दिलेला पैसा मात्र गेलाच; वर कागद खोटे निघाले तर नवा गुन्हा.

मग अडतं कुठे? 'सक्षम' या एका शब्दावर. सातबारा आणा, घरपट्टीची पावती आणा, पगारपत्रक आणा, कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणा. सातबाराच हवा असं कायदा म्हणत नाही. जामीनदाराचं प्रतिज्ञापत्रही कोर्ट स्वीकारू शकतं. पण टेबलावर मागितला जातो तो सातबाराच. आणि आपल्या माणसाकडे असलाच तर तो वतनाच्या जमिनीचा, भोगवटादार वर्ग 2. परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची ऐपत काय धरायची, हा प्रश्न तयारच असतो. ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं, त्याचं शेपूट असं जामिनाच्या टेबलापर्यंत आलंय. जात विचारायची गरजच नाही, उतारा विचारला की झालं.

सुप्रीम कोर्टाला हे माहीत नाही असं नाही. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे 10 हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या हमीवर सोडायला सांगितलं. 31 जानेवारी 2023 ला याच कोर्टाने निर्देश दिले : जामीन होऊन 7 दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं. महिनाभरात हमीपत्र सादर झालं नाही तर कोर्टाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, कच्च्या कैद्याला तेव्हा 40 हजारांपर्यंत मदत होती. कागद चांगले आहेत. ते घेऊन सचिवाच्या दारात कोण जातं?

इथे आम्ही स्वतःकडे बोट दाखवतो. परभणीत 11 डिसेंबर 2024 च्या बंदनंतर पोलिसांनी आपली माणसं उचलली. सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीतच गेले. कोठडीतला एकेक दिवस काय असतो, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगायचं? तरी कुठल्याही बंदनंतर तेच होतं. भाषण करणारे पुढच्या गावी जातात आणि दगडफेकीच्या गुन्ह्यात सापडलेला बिगारी कामगार जामीनदार शोधत बसतो. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणत 14 एप्रिलची पावती फाडणारा आपला नोकरदार, पगारपत्रक मागितलं की फोन उचलत नाही. त्याची भीती खोटी नाही, पोरगा पळाला तर वसुली त्याच्यावर येते. पण आपलं पोरगं पळत नाही, त्याला वस्ती सोडून जायला जागाच कुठे आहे! तारखेची आठवण करून देणारा एक कार्यकर्ता नेमला तर ती भीतीही निम्मी होते.

आमच्या विहारात आम्ही वही घातलीय. कोण जामीनदार राहील, कोणते कागद तयार आहेत, कुणासाठी आधी उभा राहिलाय. हे शेवटचं कोर्टाला सांगावंच लागतं, लपवू नका. वकिलांना बजावलंय की जामीन मागतानाच घरची मिळकत मांडा आणि स्वतःच्या जातमुचलक्यावरच सुटका मागा. आदेश झाल्यावर रडू नका.

वहीत आजवर 11 नावं आली. त्यात सरकारी नोकरीतली 2.